शहाण्णव क्रेट

कॉल आला तेव्हा आडगाव नाक्यावर
आम्ही चहाला उभे होतो.
अर्धा कप टपरीच्या फळीवर तसाच ठेवला.
मोईन अजून म्हणतो,
"पगारभाऊ, त्या दिवसाचा अर्धा कप बाकी आहे तुमचा."
बाकी बरंच आहे, मोईन.

ओझरच्या पुढे, पिंपळगावच्या अलीकडे,
सतरा मिनिटांत पोचलो.
रजिस्टरमध्ये नोंद आहे.
पिकअप आडवी, आणि हायवेभर टोमॅटो.
काही फुटलेले, काही अगदी चांगले,
मार्केटला पहिल्या बोलीत जातील असे.
त्या सगळ्या लालातलं
कुठलं लाल कुणाचं
हे कळायला मला जेवढा वेळ लागला
तेवढा रजिस्टरमध्ये नाही.

तरन्नुम मॅडम गुडघ्यांवर बसून म्हणाल्या,
"नाडी आहे, नाडी आहे."
दुसऱ्यांदा जरा हळू.
पोरगा एकोणीस-वीसचा.
तळहातावर निळ्या पेनने आकडा लिहिलेला: ९६.
क्रेट मोजले असतील भरताना.

मी गाडी चालवतो. पायलट म्हणतात आम्हाला.
मागे काय चाललंय ते पायलटला दिसत नाही,
नुसतं ऐकू येतं.
द्वारकेपर्यंत ऐकू येत होतं.
मुंबई नाक्याला थांबलं.
तरी मी सायरन बंद केला नाही.
सिव्हिलच्या दारापर्यंत वाजवत नेला,
माणसं बाजूला होत राहिली.
मॅडम काही बोलल्या नाहीत.

रात्री गाडी धुताना
स्ट्रेचरच्या चाकात एक बी सापडलं.
नखाने काढलं, खिशात ठेवलं.
का, ते विचारू नका.

घरी काही सांगितलं नाही.
एकदा फक्त कोशिंबिरीची वाटी सरकवून
ताटावरून उठलो होतो.
आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं,
आमटीत आता आमसूल असतं,
रश्शाला चिंच.
सासूबाईंचा फोन आला, इकडे भाव पडलेत,
टोमॅटोची एक जाळी पाठवून देऊ का,
तर वैजू म्हणाली, "नको आई, यांना पित्त होतं."
पित्त.
बरं नाव शोधलं तिनं.

झोपेत मी क्रेट मोजतो.
शहाण्णवच्या पुढे जात नाही,
आणि शहाण्णवला थांबताही येत नाही.

मे महिन्यात सिव्हिलला एक बाई आल्या,
पंखा नसलेल्या हॉलमध्ये कागद वाटले.
गेल्या पंधरा दिवसांत झोप कशी?
पुढे चार चौकोन.
मी 'चांगली'वर खूण केली.
शेजारच्या गांगुर्डेने माझं बघून केली,
गणिताच्या पेपरला करतात तशी.
बाहेर पार्किंगमध्ये, निंबाखाली,
तो तंबाखू मळता मळता म्हणाला,
"मला नळ ठिबकलेला चालत नाही.
रात्री उठून घट्ट करतो.
शेजाऱ्यांचासुद्धा."
बारा वर्षं एका शिफ्टला आहोत आम्ही.
मी म्हणालो, "मला टोमॅटो."
तो हसला नाही.
एवढंच. हसला नाही.
तंबाखू तशीच झटकून टाकली त्याने,
आणि आम्ही परत आत गेलो.
बाई कागदांना रबर लावत होत्या.
"मॅडम, आमचे दोन परत मिळतील का?
घाईत लिहिलं."
रबर काढायला त्यांनी अजिबात वेळ लावला नाही.

आता महिन्यातून दोनदा जातो.
बोलतो. कधी नुसता पंख्याखाली बसतो;
पंखा आलाय आता.
बरं वाटतं का? माहीत नाही.
मोजणं परवा चाळीसला सुटलं, झोप लागली.
काल पुन्हा शहाण्णव.

आज बुधवार. गंगेवर बाजार.
वैजू टोमॅटोच्या पाट्यांपुढून
माझं मनगट धरून झपझप निघाली,
आंधळ्याला रस्ता पार करवावा तशी.
मी थांबलो.
"कसे दिले?"
"वीसला किलो. घे ना दादा, घरच्या मळ्यातला आहे."
एक उचलला.
गार होता. देठापाशी हिरवट.
याला वजन असतं, हे विसरलोच होतो.
मावशी तागडी धरून. वैजू माझ्याकडे न बघता
घाटाच्या पायऱ्यांकडे बघत.
मी तो जागेवर ठेवला,
अलगद, देठ वर करून.
"कोथिंबीर द्या एक जुडी."
वैजूनं पिशवीचं तोंड उघडलं.